दप्तर पोटाशी: मुलांनी काढलेले रस्ते आणि एक प्रश्न

खडूपाटी
१३ मे, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावात मी चित्रकला शिकवते. शाळेत नोकरी, आणि सुट्टीत घराच्या गच्चीवर उन्हाळी वर्ग. एलिमेंटरी, इंटरमिजिएटला बसणारी मुलं येतात, काही नुसती आवड म्हणून येतात. मला तुमचा सल्ला हवा आहे, पण त्याआधी घडलं ते सगळं सांगावं लागेल. लांबेल, सांभाळून घ्या.

ग्रेड परीक्षेला स्मरणचित्र असतं. विषय ठरल्यासारखे: बाजार, बाग, बसथांबा, मिरवणूक. बसथांब्याची चित्रं मी आजवर ढिगाने तपासली. छप्पर, बाक, काठी टेकून बसलेले आजोबा, कडेवर मूल घेतलेली बाई, दोन शाळकरी मुली. एप्रिलमध्ये नववीतल्या एका मुलीने काढलेल्या चित्रात दोघींची दप्तरं पाठीवर नव्हती. पोटाशी होती, दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. मी सवयीने म्हटलं, "दप्तर उलटं आलंय गं." ती म्हणाली, "नाही मॅडम, स्टँडवर असंच धरतो." शेजारच्या तिघींनी मान हलवली आणि पुन्हा रंग भरायला लागल्या.

मी स्वतः कॉलेजात फाइल छातीशी धरून चालायचे. तरीही ते मला चूक वाटलं, कारण चित्रात माणसं कशी उभी असतात हे मीच त्यांना इतकी वर्षं ठरवून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी परीक्षेचा सराव बाजूला ठेवला. प्रत्येकाला ब्राऊन पेपरचा अर्धा ताव आणि ऑइल पेस्टल दिले. सांगितलं, घरापासून क्लासपर्यंतचा, नाहीतर शाळेपर्यंतचा रस्ता काढा. पट्टी लावायची नाही. जिथे पाय आपोआप भरभर पडतात तिथे एक रंग, जिथे पाय रेंगाळतात तिथे दुसरा. रंग तुमचा तुम्ही निवडा. 'भीती' आणि 'सुरक्षित' हे शब्द मी मुद्दाम उच्चारले नाहीत. थेट विचारलं की मुलं काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. "काही नाही होत, मॅडम."

दीड तास गच्चीवर आवाज नव्हता.

नकाशे बघितले तेव्हा पहिल्यांदा जाणवलं ते अंतर. एका मुलीच्या घरापासून क्लास एक किलोमीटरवर आहे. त्यातला मारुतीच्या देवळामागचा बोळ फार तर साठ पावलांचा. तिच्या नकाशात त्या बोळाने अर्धा कागद खाल्ला होता, आणि उरलेला सगळा रस्ता, बाजारपेठ, पूल, शाळा, एका कोपऱ्यात दाटीवाटीने बसवला होता. प्रमाण चुकलंय म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं.

दुसरी गोष्ट उजेडाची. आम्ही मोठी माणसं अंधाराला घाबरतो आणि मुलांनाही तेच वाटत असेल असं धरून चालतो. पण सगळ्यात गडद लाल जागा निघाली ती गावातली सगळ्यात लख्ख उजेडाची: चहाच्या टपरीचा कोपरा, जिथे संध्याकाळी सहापासून मोटरसायकली तिरक्या लावून पोरं बसलेली असतात. मी विचारलं, "तिथे तर दिवे आहेत ना?" उत्तर आलं, "दिव्याखाली आम्ही असतो, मॅडम. ते गाडीवर, झाडाखाली."

पाय रेंगाळतात त्या जागा वाचून मला भरून आलं. पिठाची गिरणी. चार मुलींच्या नकाशात गिरणी हिरवी होती. ती रात्री साडेआठपर्यंत चालू असते, गिरणीवाले काका दारातच उभे असतात, भुवयांपर्यंत पांढरे, आणि जाणाऱ्या प्रत्येक पोराला नावाने हाक मारतात. एस. टी. स्टँडबाहेरची गजरेवाली मावशी. एक झेरॉक्सचं दुकान. यातल्या कुणालाही आपण कुणाच्या नकाशात आहोत हे माहीत नाही.

आणि मग तो प्रसंग. वाळायला ठेवतात तसे सगळे नकाशे जमिनीवर मांडले होते. दहावीतल्या एका मुलाचा आणि आठवीतल्या एका मुलीचा नकाशा शेजारी आला. रस्ता तोच. टपरीचा कोपरा तिच्याकडे लाल, त्याच्याकडे पिवळा, आणि पिवळ्यावर लिहिलेलं, 'इथे मजा'. तो म्हणाला, "आम्ही तर काही बोलतसुद्धा नाही." ती म्हणाली, "बोलत नाही, तेच. मी आले की तुमचं बोलणं थांबतं. मी पुढे गेले की हसता." त्याने वाद घातला नाही. बराच वेळ दोन्ही कागद बघत बसला. घरी जाताना त्याने स्वतःचा नकाशा नेला नाही.

आता प्रश्न. वर्गाच्या शेवटी दरवर्षी पालकांसाठी प्रदर्शन असतं. हे नकाशे लावायचे असं माझ्या मनात होतं. कागद गोळा करताना तो बोळ मोठा काढणारी मुलगी जवळ आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, हे घरी दाखवणार? दाखवलं तर माझा क्लास बंद होईल."

तिचं खरं आहे. तिचे आईवडील वाईट नाहीत, काळजी करणारे आहेत. काळजीपोटीच बंद करतील. बोळ तिथेच राहील, पोरं तिथेच राहतील, मुलगी तेवढी रस्त्यावरून नाहीशी होईल.

मी काय करू? लपवून ठेवले तर मुलांनी इतक्या विश्वासाने सांगितलेलं माझ्या कपाटात सडेल. लावले तर त्यांच्यावरच उलटेल. प्रदर्शन ८ जूनला आहे.

--

सावली_दुपारची
१३ मे, रात्री ११:०३

दोनदा वाचलं. 'मी आले की तुमचं बोलणं थांबतं' हे इतक्या कमी शब्दांत मला तिशीतही सांगता आलं नसतं.

तुमच्या धाग्यावरून आठवलं. मोनिका मेयर या मेक्सिकन चित्रकर्तीने १९७८ साली मेक्सिको सिटीतल्या आधुनिक कला संग्रहालयात चक्क कपडे वाळत घालायची दोरी टांगली होती. शहरातल्या वेगवेगळ्या वयाच्या, वेगवेगळ्या कामांतल्या शेकडो बायकांना गुलाबी चिठ्ठ्या दिल्या आणि एकच वाक्य पूर्ण करायला सांगितलं: 'बाई म्हणून मला या शहरात सगळ्यात जास्त खटकतं ते...' चिठ्ठ्या चिमट्यांनी दोरीवर लावल्या. बहुतेक बायकांनी रस्त्यावर आणि बसमध्ये होणाऱ्या त्रासाबद्दल लिहिलं. आपल्याकडे जिला वलण म्हणतात तीच ती, परसातली. घरातलं खासगी जिथे उन्हात येतं ती जागा.

तिथे चिठ्ठी कुणाची हे महत्त्वाचं नव्हतं. एकीची चिठ्ठी ही तक्रार ठरली असती, शेकडो चिठ्ठ्या म्हणजे शहराचं वर्णन झालं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथे असेल का बघा.

--

पाणंद
१४ मे, सकाळी ७:३५

ताई, धागा मनापासून लिहिलाय. माझी मुलगी दहावीत आहे, म्हणून राहवत नाही.

मी तिला क्लासला सोडतो आणि आणतो. साडेसातला क्लास सुटतो, मी सव्वासातला गाडी लावून उभा असतो. दोन वर्षांत एक दिवस चुकवलेला नाही. तुमच्या त्या मुलीच्या वडिलांच्या जागी मी असतो तर मीही क्लास बंद केला असता, किंवा दुसरा लावला असता. यात माझं काय चुकतं ते सांगा. बोळ सुधारेल तेव्हा सुधारेल, मुलगी आज पंधरा वर्षांची आहे. दामिनी पथकाची गाडी त्या टपरीवर चार दिवस संध्याकाळी उभी राहिली तर चित्रांपेक्षा लवकर फरक पडेल असं माझं प्रामाणिक मत आहे.

--

खडूपाटी
१४ मे, दुपारी २:२०

पाणंददादा, तुमचं काहीही चुकत नाही. सव्वासातला गाडी लावून उभा राहणारा बाप असणं ही साधी गोष्ट नाही. फक्त माझ्यावर गेलेलं सांगते.

मी अकरावीत होते. संध्याकाळी घाटावर स्केचिंगला जायचे. नदीवरचा पडता उजेड, पायऱ्यांवरच्या बायका, म्हशी. एक माणूस रोज मागच्या पायरीवर येऊन बसायला लागला. काही करत नव्हता, बसायचा. तीन आठवडे मी गप्प राहिले, मग वडिलांना सांगितलं. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून माझं घाटावर जाणं बंद केलं. तो माणूस पुढेही घाटावर बसत होता, माझा भाऊ सांगायचा.

त्या दिवसापासून मी वडिलांना काही म्हणजे काही सांगितलं नाही. कॉलेजात याहून वाईट घडलं, तेही नाही. ते फार प्रेमळ होते आणि त्यांना ते कधीच कळलं नाही. तुमच्या मुलीला तुम्ही न्यायला जाता तेव्हा गाडीवर ती तुमच्याशी बोलते ना? ते बोलणं चालू राहावं एवढंच मला म्हणायचंय. सांगितलं की दार बंद होतं, हे एकदा कळलं की मुलं सांगायची थांबतात.

--

मैत्रा१७
१४ मे, दुपारी ४:४८

मी बारावीत आहे, इथे फक्त वाचत असते, पहिल्यांदाच लिहितेय.

आम्ही फोन कानाला लावून चालतो. पलीकडे कुणी नसतं. "हो बाबा, आलेच, कोपऱ्यावर आहे" असं मोठ्याने म्हणायचं. माझ्या सगळ्या मैत्रिणी करतात, कुणी कुणाला शिकवलं नाही. आणि घरी विचारलं की "आज काय झालं?" तर "काही नाही". खडूपाटी मॅडमनी लिहिलंय तसंच.

मला नकाशा काढायला आवडेल. माझ्या नकाशात मी खोट्या फोनच्या जागा काढीन.

--

सावली_दुपारची
१४ मे, सायंकाळी ५:१५

मैत्रा, लिहीत राहा गं.

पाणंददादा, पोलीस हवेतच. नंबरही सगळ्यांना पाठ हवेत, ११२ आणि मुलांसाठी १०९८. पण पथकाची गाडी चार दिवस उभी राहील. पाचव्या दिवशी काय?

मुंबईत शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी बायका आणि सार्वजनिक जागा यांवर बरीच वर्षं अभ्यास करून २०११ साली 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक लिहिलं. त्यांचं एक म्हणणं माझ्या डोक्यातून गेलेलं नाही: बाईला बाहेर असायला कारण लागतं. भाजीची पिशवी, हातात मूल, कानाला फोन. पुरुष नाक्यावर नुसता उभा राहू शकतो. ते वाचल्यावर मी एकदा ठरवून शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर अर्धा तास बसले. पर्समधला फोन बाहेर काढला नाही, कुणाची वाट बघितली नाही. पहिली दहा मिनिटं अंगावर काटा होता. मी लेडीज डब्यात वाढलेली, गर्दीला न घाबरणारी बाई, आणि नुसतं बसायला घाबरले!

बेंगळुरूत जस्मीन पाथेजा यांनी विद्यार्थिदशेत असताना, २००३ साली, 'ब्लँक नॉइज' सुरू केलं. त्यांच्या एका उपक्रमात बायका बागेत जमतात आणि गवतावर झोपतात. तेवढंच. उघड्यावर, दिवसा, झोप. दुसऱ्या एका कामात छेडछाड झाली तेव्हा अंगावर असलेले कपडे बायकांकडून मागवतात. साधे सलवार-कुडते, शाळेचे गणवेश. 'तू काय घातलं होतंस' या प्रश्नाला ते कपडे उत्तर देतात, कुणाला तोंड उघडावं लागत नाही.

--

नकाशावाला
१४ मे, रात्री ९:५०

नगररचनेत काम करतो, त्यामुळे तुमचा उजेडाचा मुद्दा वाचून थांबलोच.

दिवा म्हणजे सुरक्षितता असं सरसकट नसतं. उंच खांबावरचा दिवा वाहनांच्या रस्त्यासाठी असतो, पायी चालणाऱ्याच्या वाट्याला झाडाची सावली येते. शिवाय एका जागी भगभगीत प्रकाश असेल तर त्याच्या कडेचा अंधार डोळ्यांना जास्तच काळा दिसतो. तुमच्या विद्यार्थिनीने म्हटलं ते शब्दशः बरोबर आहे: जो उजेडात आहे तो दिसतो, जो कडेला आहे तो बघतो.

२०१३ साली दिल्लीत 'सेफ्टीपिन' नावाचं ॲप सुरू झालं. त्यात रस्ता नऊ निकषांवर तपासतात: प्रकाश, मोकळेपणा, आजूबाजूच्या दारं-खिडक्यांतून रस्ता दिसतो का, माणसं, पोलीस किंवा रखवालदार, चालण्याची वाट, जवळची बस-रिक्षा, बायका किती दिसतात, आणि शेवटचा निकष 'इथे उभं राहून कसं वाटतं'. वाटणं हा सुद्धा मोजायचा विषय आहे, हे आमच्या क्षेत्राने उशिरा मान्य केलं.

गिरणी हिरवी का, हे त्यात येतं. उघडं दार, ओळखीचा माणूस, ठरलेल्या वेळी चालू. उलट दोन्ही बाजूंनी कंपाउंडची सलग भिंत असलेला रस्ता कितीही रुंद असला तरी लाल येतो. त्या बोळात एक तरी खिडकी आहे का? जमलं तर दिवा कुठे आहे तेही बघा. अनेकदा दिवा असतो, चालूही असतो, फांदीत अडकलेला असतो.

--

डॅन्यूबकाठी
१५ मे, दुपारी १२:३०

मी व्हिएन्नात राहते, इथलं एक सांगते. नव्वदच्या दशकात इथल्या पालिकेने बागांचा अभ्यास केला, तेव्हा दिसलं की साधारण नऊ वर्षांच्या पुढे मुली बागेतून दिसेनाशा होतात. मुलं राहतात. कारण शोधलं तर मैदानाला एकच कुंपण, एकच दार, आणि ते एकदा मुलांच्या टोळक्याने धरलं की मुली आत जाऊन जागेसाठी भांडत बसत नाहीत, घरी जातात. १९९९ मध्ये मार्गारेटेन भागातल्या दोन बागा बदलल्या. वाटा वाढवल्या, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनची जागा केली, मोठं मैदान तोडून लहान लहान कोपरे केले. मुली परत आल्या.

त्यांतल्या एका बागेत माझी मुलगी खेळत मोठी झाली. तिच्यासाठी कुणी तरी आधी मोजणी केली होती, हे मला फार उशिरा कळलं.

--

अभ्या_चौथा_मजला
१५ मे, रात्री ११:४१

वय वीस, पुण्यात हॉस्टेलला. त्या दहावीतल्या मुलाबद्दल लिहायचंय, कारण तो मीच असू शकलो असतो.

आमच्या गावात वाचनालयाच्या कट्ट्यावर आम्ही बसायचो. आमच्यातला एक जण पोरी गेल्या की हळू आवाजात काहीतरी म्हणायचा आणि आम्ही हसायचो. मी कधी काही म्हटलं नाही. हसलो मात्र प्रत्येक वेळी. न हसणारा एक जण होता, त्याला 'ताई' म्हणायला लागले. त्याचं काय झालं ते बघितल्यावर मी हसत राहिलो.

दुसरं. मुलांच्या नकाशातही लाल असतं. सातवीत असताना मैदानाच्या मागे दोन मोठी मुलं मला अडवायची. पैसे घ्यायची, आणि पैशांपुरतंच थांबली नाहीत. वर्षभर मी मोठा वळसा घालून घरी जायचो. घरी सांगितलं नाही, कारण उत्तर माहीत होतं: "मुलगा असून घाबरतोस?" हे मी आज पहिल्यांदा कुठेतरी लिहितोय.

मॅडम, त्या मुलाला परत बोलवा. तो नकाशा सोडून गेला म्हणजे त्याला काही वाटलं नाही असं नाही.

--

पाणंद
१६ मे, सकाळी ६:५०

अभ्या, बेटा, लिहिलंस ते बरं केलंस. कधी बोलावंसं वाटलं तर मला खासगी निरोप कर.

ताई, काल गाडीवर मुलीला विचारलं, तुझा रस्ता काढशील का. ती म्हणाली, "बाबा, माझा रस्ता म्हणजे तुमची पाठ." मी गप्प झालो. रात्रभर तेच डोक्यात आहे.

--

कृष्णाबाई_जोशी
१६ मे, सकाळी १०:०५

माझं वय ७४. गिरगावातून व्ही. टी.ला नोकरीला जायचे तेव्हा पदराची पिन काढून गर्दीत बोटांत धरायची. माझी थोरली बहीण धरायची, तिला आमच्या काकूने शिकवलेलं. कुणी त्याला नाव दिलं नव्हतं. आता ही मैत्रा खोटा फोन करते. म्हणजे पन्नास वर्षांत आम्ही मुलींच्या हातात पिनेच्या जागी फोन दिला.

खडूपाटी, तुला एक सुचवते. गोधडी शिवा. गोधडीत कुणाची साडी कुठे गेली हे शिवणारीलाच ठाऊक असतं, पांघरणाऱ्याला फक्त ऊब लागते. सगळ्या पोरांचे रस्ते एकाच कापडावर धावदोऱ्याने घाला. कुणाचा कुठला ते कळणार नाही. बोळ मात्र कळेल, कारण तिथे सगळ्यांचे टाके एकावर एक पडतील.

--

सावली_दुपारची
१६ मे, सकाळी १०:२२

काकू, नमस्कार करते तुम्हाला. चिलीमध्ये पिनोशेच्या हुकूमशाहीत ज्यांची माणसं नाहीशी केली गेली त्या बायकांनी असेच चिंध्यांचे पट शिवले होते. तोंडाने बोलणं धोक्याचं होतं, म्हणून सुईने बोलल्या.

--

समुपदेशिका_र
१६ मे, दुपारी ३:१५

शाळांमध्ये मुलांसोबत काम करते. एक गोष्ट आवर्जून सांगते. अशा चित्रांतून कधी कधी रस्त्यावरच्या नजरेच्या पलीकडचं काही निघतं. एखाद्या विशिष्ट माणसाने केलेला स्पर्श, घरातलं कुणी. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं आपल्याला कळलं तर ते पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. त्यामुळे 'हे आपल्यातच राहील' असं वचन मुलांना देऊ नका. 'तुला विचारल्याशिवाय तुझं चित्र लावणार नाही, पण तुला कुणी इजा करत असेल तर मी मदत आणणार' असं आधीच सांगा.

आणि मुलांना कुठल्या क्षणी थांबायचं ते ठरवू द्या. अर्धा नकाशा हाही पूर्ण नकाशा असतो.

मुलग्यांसोबतच्या कामासाठी मुंबईच्या 'मावा' संस्थेकडे बघा. हरीश सदानी आणि सहकारी १९९३ पासून हेच करत आहेत, 'पुरुष स्पंदनं' हा दिवाळी अंकही काढतात.

--

खडूपाटी
१७ मे, रात्री ९:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. समुपदेशिका ताई, तुमची वाक्यं आज वर्गात जशीच्या तशी म्हटली. कृष्णाकाकू, गोधडी ठरली. मुलांना विचारलं, हात वर झाले. त्या मुलीचाही.

अभ्या, तो आला. मी बोलवायच्या आधीच आला. म्हणाला, "मॅडम, माझा पिवळा पुसता येईल का?" मी म्हटलं, ऑइल पेस्टल पुसलं जात नाही, दुसरा कागद घे. पण त्याने तोच कागद मागितला.

--

खडूपाटी
१० जून, रात्री १०:४०

धागा वर काढतेय. प्रदर्शन झालं. सांगितल्याशिवाय झोप येणार नाही.

पाया मांजरपाटाचा. वर मुलांनी घरून आणलेली कापडं: जुने गणवेश, आईच्या साड्या, एकाच्या आजोबांचं धोतर. गिरणीवाल्या काकांनी पिठाचं रिकामं सुती पोतं धुऊन दिलं, कशासाठी हे न विचारता. गिरणीची जागा त्याच पोत्याच्या तुकड्याची केली. टाक्यांचा नियम मुलांनीच काढला. जिथे पाय भरभर पडतात तिथे टाके बारीक आणि दाट, जिथे रेंगाळतात तिथे लांब आणि सैल. त्यामुळे बोळाच्या जागी इतके दोरे जमले की कापड तिथे चुणलं, उंचवटा आला. डोळे मिटून हात फिरवला तरी बोळ सापडतो.

तो दहावीतला मुलगा टपरीचा कोपरा शिवायला बसला. बोटाला सुई टोचून घेत दोन दिवस बसला. काय रंग वापरू असं त्याने त्या आठवीतल्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, "तुझं तू ठरव." त्याने तिथे दोरा न घालता भोक ठेवलं, कडेने काज्यासारखं गुंफून. मला काहीच बोलता आलं नाही.

गोधडी शाळेत न लावता वाचनालयाच्या हॉलमध्ये वलणीवर टाकली, दोन्ही बाजूंनी बघता येईल अशी. शेजारी पाटी: 'हा आपल्या गावाचा रस्ता आहे. हात लावून बघा.' मुलांची नावं कुठेच नाहीत. सावलीताई, तुमची गुलाबी चिठ्ठीही घेतली, पण वाक्य पालकांसाठी ठेवलं: 'मी या वयाचा/ची असताना कुठल्या रस्त्याने भरभर चालायचो/चे?' आधी कुणी लिहीना. मग एक आई बोळाच्या उंचवट्यावर हात ठेवून उभी राहिली. ती याच गावची माहेरवाशीण. म्हणाली, "हा आमच्या वेळीही असाच." ती त्याच मुलीची आई आहे, ज्या मुलीने मला विचारलं होतं. आईला हे ठाऊक नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. घरी काय बोलणं झालं मला माहीत नाही. मुलगी आज क्लासला आली, एवढं माहीत आहे.

नकाशावाले, तुम्ही म्हणालात ते शब्दशः खरं निघालं. बोळाच्या तोंडाशी दिवा आहे आणि तो जळतोही. करंजाच्या फांद्यांत बुडालेला. नगरसेवक प्रदर्शनाला आले होते. त्यांना हात धरून गोधडीचा उंचवटा दाखवला आणि मग त्याच पावली बोळात नेलं. फांद्या परवा छाटल्या. भिंतीकडच्या दुसऱ्या दिव्याचा अर्ज दिलाय, पोच घेतलीय, अजून काही नाही. टपरीवर पोरं अजून बसतात. मोटरसायकली दोन दिवस सरळ लावलेल्या दिसल्या, मग पुन्हा तिरक्या. जुलैमध्ये मुलग्यांसाठी वेगळा वर्ग ठेवतेय.

--

मैत्रा१७
११ जून, सकाळी ८:०५

तो भोकाचा कोपरा मला बघायचाय. फोटो टाकाल का?

--

खडूपाटी
११ जून, दुपारी १:३०

मैत्रा, मुलांना विचारलं. फोटो टाकायला नको म्हणाली, गाव ओळखू येईल म्हणून. पण तू तुझा खोट्या फोनचा नकाशा काढलास तर त्याची जागा गोधडीवर ठेवू म्हणाली. डाव्या कडेला वीतभर कापड कोरं आहे.

--

पाणंद
११ जून, रात्री ९:१५

ताई, गोधडीला कापड किती लागलं? आणि सुई कुठल्या नंबरची? आमच्या कॉलनीतल्या आठ-दहा मुली आणि पाच मुलं तयार आहेत. माझ्या मुलीने यादी केलीय. शनिवारपासून ती मैत्रिणींसोबत चालत येणार आहे. मी गाडी गिरणीसारख्या एखाद्या जागी लावीन, आमच्याकडे मेडिकलचं दुकान आहे, तिथे.

--

खडूपाटी
११ जून, रात्री ९:५२

पाच मीटर मांजरपाट घ्या, आधी भिजवून वाळवा, नाहीतर धुतल्यावर आटतं आणि टाके ओढले जातात. सुई लांब आणि जाड, दुकानात गोधडीची म्हणून मागितली की देतात. दोरा दुहेरी घ्या. पहिल्या दिवशी शिवायला बसवू नका, नुसतं चालवून आणा सगळ्यांना, त्यांच्या त्यांच्या रस्त्याने, आणि तुम्ही मागे राहा.